पावणेपाचची टकटक

मीटरकाकांना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसं आता फारशी उरली नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या वायरिंगचं काम केलं, पण मीटरने मोजल्याशिवाय साधा फ्यूजही कधी बदलला नाही. अंदाज हा आळसाचा धाकटा भाऊ, असं ते म्हणत. त्यांचं काम उघड्या अंगणात चाले. सावली सरकली की स्टूल सरकायचं. कुठल्या महिन्यात किती वाजता ऊन कुठे पोचतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. दुसरा नेम असा, की काम झालं तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी जाऊन पुन्हा तपासायचं. तोवर काम झालं असं म्हणायचं नाही.

त्यांचं जुनं गिऱ्हाईक असलेल्या फोरमनच्या बायकोने त्यांना बोलावलं तेव्हा फोरमनला जाऊन सहा महिने झाले होते. गाडी स्वयंपाकघराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. मुलाने तीन बॅटऱ्या बदलल्या. आज सकाळी चांगली असलेली बॅटरी दुसऱ्या सकाळी मेलेली. चावी फिरवली तर गाडी हूं की चूं करत नव्हती.

"भाऊजी, गाडी नाही सुरू झाली तरी चालेल," फोरमनच्या बायकोने दारातच, मुलासमोर सांगितलं. "मला वेड लागलेलं नाही, एवढं याला पटवून द्या."

तिचं म्हणणं असं होतं: रोज पावणेपाचला गाडीच्या काचेवर दोनदा टकटक होते आणि आतला दिवा लागतो. फोरमन कामावरून त्याच वेळी यायचे आणि अंगठीने काचेवर तसंच वाजवायचे, म्हणजे हिने चहा टाकावा. मुलगा यायचा तो सकाळी. त्याला कधी दिवा दिसला नाही, टकटक ऐकू आली नाही. त्याने ठरवलं होतं, आईला डॉक्टरकडे न्यायचं, घराला कुलूप लावायचं आणि तिला आपल्याकडे ठेवायचं. कुलूपसुद्धा आणून ठेवलं होतं. नवं, टेबलावर.

"काका, तुमच्या मीटरला भूत मोजता येतं का?" मुलाने विचारलं.

"भुताला करंट लागत नाही. तुझ्या बॅटरीला लागतो. आज संध्याकाळपर्यंत थांब, आणि मधे बोलू नकोस."

काकांनी गाडीत चौथी बॅटरी बसवली. तिच्या एका टोकाची वायर काढून मधे एक छोटा बल्ब जोडला. गाडीत कुठेही करंट गळायला लागला, तर बल्बची तार लाल होणार. मग त्यांनी दारं बंद केली, चावी स्वतःच्या खिशात घातली आणि स्टूल टाकून बसले.

दोन तास बल्बची तार काळीच. शेडमध्ये हवा हलत नव्हती. फोरमनची टोपी मागच्या सीटवर तशीच पडलेली. काकांना वाटलं, तिची दिशा मघाशी वेगळी होती. त्यांनी मान फिरवली. डोळ्यांनी मोजायचं नसतं.

पावणेपाच झाले.

टक. टक.

बल्बची तार हळूहळू लाल झाली. गाडीत पिवळा, मिणमिणता उजेड पसरला. मुलगा उभा राहिला होता. त्याची आई मात्र न हलता म्हणाली, "बघ. आले."

काका पेचकस घेऊन उठले. आवाज डॅशबोर्डवरून आला होता. काचेखाली एक रिले होता, वायर जोडणारी-तोडणारी छोटी डबी. तिचं झाकण उन्हाने वेडंवाकडं झालेलं. पत्र्यातला एक खिळा निघाला होता, त्या भोकातून उन्हाचा रुपयाएवढा तुकडा थेट तिच्यावर पडला होता. काकांनी वाकून पेचकसाने डबीवर टिचकी मारली. दिवा विझला. ते मागे झाले. ऊन परत पडलं. टक. टक. दिवा लागला.

"तापला की चिकटतो," ते म्हणाले. "रात्री गार होईपर्यंत सुटत नाही. तोवर बॅटरी खलास."

मग त्यांनी डबी उलटी केली. मागच्या वायरवर गुंडाळलेली टेप त्यांच्याच हाताची होती. पंधरा वर्षांपूर्वी फोरमनने सांगितलं होतं, उतरल्यावर दिवा थोडा वेळ राहू दे, हिला पायरी दिसायला हवी. काकांनी वीतभर वायर वाचावी म्हणून डबी उन्हात बसवली होती.

"चूक माझी," ते मुलाला म्हणाले. "तुझी आई खरं बोलते. मी मोजलंय. आता ते कुलूप परत देऊन ये."

मुलगा खाली बघत म्हणाला, "आई, मला वाटलं..."

"तुला वाटलं. विचारलं कुठे?" ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. त्याने कुलूप उचलून खिशात टाकलं.

काकांनी नवा रिले आत, सावलीत बसवला, भोक बुजवलं. चावी फिरवली तशी गाडी एका झटक्यात सुरू झाली. ते हात धुवायला स्वयंपाकघरात गेले. नळाशेजारी भिंतीवर कॅलेंडर होतं. आजवरच्या प्रत्येक तारखेखाली पेन्सिलने एकच वेळ लिहिलेली: ४.४५. त्यांनी पानं मागे उलटली. सहाही महिने तेच. जिथे तिने 'ढग, दिवसभर अंधार' असं लिहिलं होतं, तिथेही तेच.

ऊन रोज सरकतं. त्या भोकातून ते डबीवर पंधरा दिवस पडलं असतं, फार तर वीस.

काकांनी पानं जशी होती तशी लावली.

"भाऊजी, उद्या येऊन बघणार ना?" तिने विचारलं. "तुमचा नेम आहे."

मुलगा बाहेर गाडी पुसत होता. काकांनी हात पुसले, मीटर पिशवीत ठेवलं.

"नको," ते म्हणाले. "काम झालं."