हिरव्या कव्हरचं इंग्रजी पुस्तक

हे मी शैलालाही सांगितलं नाही, आणि ती माझी बायको होती. तिने एकदा सरळ विचारलं होतं, तेव्हा मी तिच्यावरच खेकसलो होतो. आता ती नाही. तुम्ही आहात — तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून जीभ जरा वळतेय. पण शांतपणे सांगणं मला जमणार नाही. मला राग येतो. तो कोणावर काढायला हवा हे पक्कं ठाऊक असूनही आधी मी तो दुसऱ्यांवरच काढणार आहे. सवय आहे मला ती.

तर आधी दुसरे. बोईसरला, धान्याच्या दुकानावरच्या माडीवर आमचं एक छोटं वाचनालय होतं. महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथे पुस्तकावर चर्चा व्हायची. मी तिथला — काय म्हणू? — जाणकार. नोकरी रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. मुंबईला गेलो की फुटपाथवरून इंग्रजी पुस्तकं आणायची, घसा खाकरायचा, चष्मा पुसायचा आणि ‘तत्त्वतः बघायला गेलं तर’ म्हणायचं, की माडी गप्प. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

त्या रविवारी पुस्तक होतं कुंदा तांडेलचं. कुंदा घिवलीची, मच्छीमारांच्या घरातली. बोईसरच्या शाळेत शिकवायची आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहायची. तिने अद्भुत साहसाची कादंबरी लिहिली होती. समुद्राच्या तळाशी राहणारा राक्षस भरती चोरून नेतो. ओहोटी लागते ती परत फिरतच नाही. होड्या चिखलात आडव्या पडतात. मग हिरू नावाची एक पोर उघड्या पडलेल्या तळावरून चालत निघते, भरती परत आणायला. वाटेत तिला एक म्हातारं कासव भेटतं, तिला पाठीवर घेतं आणि तिच्यासाठी मरतं. शेवटी हिरू राक्षसाच्या दाराशी पोचते. दाराआड पाणी घुमत असतं — आणि पहिला भाग संपतो. दुसरा भाग कुंदा लिहीत होती.

मतं पडली. काय एकेक मतं! तारापूरच्या वसाहतीतला एक इंजिनियर म्हणाला, आपल्या शेजारी अणुवीज तयार होते आणि आपण राक्षस लिहायचे? पालघरहून आलेले निवृत्त हेडमास्तर म्हणाले, बोध काय घ्यायचा ते कळलं नाही. बँकेतले जोशी म्हणाले, भाषेला जरा मासळीचा वास येतो — आणि स्वतःच हसले. अजूनही ते हसणं आठवलं की माझं डोकं फिरतं. मच्छीमारांच्या घरातली कुंदा समोर बसलेली, आणि हा माणूस नाक धरल्यासारखं करतो! त्या वेळी माझं डोकं फिरलं होतं का? छे. मी चष्मा पुसत होतो.

पण चांगलंही बोलले की लोक. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, ड्यूटी सांभाळून सलग वाचलं, कासव गेलं तेव्हा रडले. सालवडला राहणारा एक बिहारी फिटर आला होता. खोलीतल्या मराठी सोबत्याने त्याला पुस्तक वाचून दाखवलं होतं. तो मागे उभा राहून म्हणाला, “कछुआ नहीं मरना चाहिए था, मैडम.” सगळे हसले, कुंदाही हसली. मग सिस्टर म्हणाल्या, मला सगळ्यात आवडला तो प्रधान.

हा प्रधान कोण? राजाकडे असतो. समुद्राचे सगळे नकाशे त्याला तोंडपाठ, पण पाय कधी पाण्याने ओले झालेले नाहीत. हिरू त्याला वाट विचारायला जाते. तो घसा खाकरतो, ‘तत्त्वतः’ म्हणतो आणि नकाशाचं पान उलटतो. बस्स. पोर ताटकळत उभी राहते, आणि हा पानं उलटतो. सिस्टरांनी त्याची नक्कल केली — झकास केली. माडी हसली. ही नक्कल खरी कोणाची, ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण माझ्याबरोबर आलेल्या शैलाने पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते.

मला राग आला. नुसता राग नाही, अंगाची लाही लाही झाली. मी घसा खाकरला — हो, खाकरलाच! — आणि म्हणालो, “छान आहे, पण हे इंग्रजीवरून उचललेलं आहे. मूळ पुस्तक मी वाचलंय.”

एवढंच. कुणीतरी नाव विचारलं. मी म्हणालो, नाव आता आठवत नाही, हिरव्या कव्हरचं होतं. आणि पुढे काय झालं माहीत आहे? जोशी म्हणाले, “हो हो, माझ्याही वाचनात आलंय बहुतेक.” इंजिनियरनेही मान डोलावली. मी आ वासून बघत राहिलो. कारण ते पुस्तक नव्हतंच! हिरवं नाही, लाल नाही, कुठल्याच कव्हरचं नाही. माझ्या तोंडून बाहेर पडेपर्यंत ते जगात कुठेच नव्हतं. आणि हे लोक ते वाचून मोकळे! खोटारडे, म्हणावंसं वाटलं. कुठल्या तोंडाने म्हणणार होतो?

सगळ्यात जिव्हारी लागलं ते सिस्टरांचं बोलणं. रडल्या होत्या ना त्या? त्या म्हणाल्या, “तरीच! तरीच एवढं चांगलं जमलंय.” बघा आता. ज्यांना आवडलं नव्हतं त्यांना फारसा फरक पडला नाही. ज्यांना मनापासून आवडलं होतं त्यांनीच आधी विश्वास ठेवला. पुस्तक जितकं चांगलं, तितकी चोरी पक्की. घिवलीच्या कुंदाला हे सुचलं यापेक्षा कुठल्यातरी साहेबाला सुचलं, हे सगळ्यांना किती सहज पटलं. हे मला बोलायच्या आधीच ठाऊक होतं — म्हणून तर ते वाक्य निवडलं. उगीच नाही.

कादंबरीत दोष होते. मधला भाग लांबलेला, राक्षस जरा जास्तच, पानापानावर ‘इतक्यात’. हे बोललो असतो तर ती टीका झाली असती, कुंदाने ऐकून घेतली असती. मी टीका केली नाही.

आता खरं सांगायचं ते पुढेच आहे.

ते इंग्रजी पुस्तक नव्हतंच, हे एक झालं. पण कुंदाने ते कसं रचलं हे मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. माझी मुलगी मुग्धा नऊ वर्षांची असताना जिन्यावरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. प्लास्टर घालून पोर खाटेवर. शाळा सुटली की कुंदा यायची आणि तिला गोष्ट सांगायची. मुग्धा म्हणायची, मग? कुंदा थांबायची, खिडकीबाहेर बघायची आणि पुढचं जुळवायची. कासव मुग्धाने मागितलं होतं. हिरूला उचलून नेणारं कुणीतरी हवं, तिचे पाय दुखत असतील ना, असं ती म्हणाली होती. प्रधान आला तेव्हा दोघी माझ्याकडे बघून खुसखुसल्या होत्या. मी तिथेच खुर्चीत होतो, पेपर वाचत. का हसतात ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

माडीवर कुंदा उभी राहिली. शाळेत शुद्ध बोलणारी बाई, पण त्या क्षणी तिची घरची भाषा वर आली. “भाऊ, तुमी तितंच बसलेले ना? मुग्धाला विचारा. ती सांगंल.”

जोशी त्या ‘तुमी’वर गालात हसले. सगळे माझ्याकडे बघत होते. तेव्हासुद्धा मागे फिरता आलं असतं. मी म्हणालो, “लहान मुलांचं काय घेऊन बसलात? काहीही सांगतील.”

कुंदा खाली बसली. मग पुन्हा उठली आणि पिशवी घेऊन जिना उतरून गेली.

घरी शैलाने विचारलं, “खरंच वाचलंय का हो तुम्ही?” त्यावर खेकसलो, ते आधी सांगितलंच. मुग्धाला मात्र शांतपणे सांगितलं. म्हटलं, कुंदामावशी एका इंग्रजी पुस्तकातून सांगायची तुला. ती म्हणाली, पण कासव मी सांगितलं होतं. मी म्हटलं, तुला तसं वाटतं, तू आजारी होतीस. पोरीने थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं. मग होकारार्थी मान हलवली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला हो! स्वतःच्या आठवणीपेक्षा बापावर ठेवला.

वाचनालयाने पुस्तक फळीवरून काढलं. शाळेत कुजबुज झाली. कुंदाची आई आमच्या दारावर सुके बोंबील विकायला यायची. त्यानंतर ती एकदाच आली, टोपली डोक्यावरून न उतरवता म्हणाली, “माजी पोर चोर नाय हाय, तुमाला ठावं हाय,” आणि गेली. मी दार लावून घेतलं. पुढच्या वर्षी कुंदाने जव्हारकडे बदली मागून घेतली. दुसरा भाग आला नाही. तिने लिहिणंच सोडलं, असं पुढे कानावर आलं. खरं-खोटं मी विचारायला गेलो नाही. जव्हार काय लांब होतं?

परवा मुग्धा तिच्या मुलीला घेऊन राहायला आली होती. दुपारी तिला झोपवताना गोष्ट सांगत होती. मी पलीकडे खुर्चीत पेपर वाचत होतो. भरती चोरीला गेली, होड्या चिखलात पडल्या, हिरू निघाली, कासव भेटलं. शब्द न् शब्द कुंदाचा, मधलं ‘इतक्यात’सुद्धा. कासवाशी आल्यावर मुग्धा क्षणभर अडखळली, मग पुढे गेली. हिरू दाराशी पोचली आणि गोष्ट संपली.

नात म्हणाली, “मग? भरती परत आली का?”

“मला माहीत नाही गं,” मुग्धा म्हणाली. “एका इंग्रजी पुस्तकातली गोष्ट आहे. आजोबांनी वाचलंय ते. त्यांना विचार.”

पोर उठून माझ्यापाशी आली. गुडघ्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, मग?”

मी घसा खाकरला. म्हटलं, आठवत नाही. आणि पेपरचं पान उलटलं.