पेढा अजून खिशातच आहे

मित्रांनो, मी नाशिकच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेची साफसफाई करतो. तिथे संशोधन करणाऱ्या स्नेहाताई लेसरच्या कड्यासारख्या पोकळ झोतात काचेचा सूक्ष्म कण अडकवायला कित्येक महिने धडपडत होत्या.

आज खंडेनवमी. आधी मी अंबडच्या कारखान्यात होतो; तिथल्या यंत्रपूजेची जुनी सवय म्हणून, ताई येण्याआधी मी त्यांच्या यंत्रालाही अगरबत्ती ओवाळली.

थोड्या वेळाने ताई ओरडल्या, "अरे गणेश, अडकला रे कण! हा घे पेढा!"

मीही हसलो. मग त्या त्यांच्या मार्गदर्शक सरांना फोनवर म्हणाल्या, "काचेचाच आहे सर. खोलीत धूर, धूळ काही नव्हतं."

अडकलेला कण माझ्या अगरबत्तीच्या धुराचा तर नसेल? मी पेढा खिशात टाकला आणि झाडू उचलला.

आज संध्याकाळी ताई हा निकाल छापायला पाठवणार आहेत. ताईंना सांगायला फोन हातात घेतलाय. पहिलं वाक्य काय बोलू?