अज्ञात इसमाचा पेन ड्राइव्ह

ती घटना आजही आठवते आणि एकटा असलो तरी मान खाली जाते. नोकरीतल्या फुशारकीच्या गोष्टी चारचौघांत सांगून झाल्या, ही मात्र टाळत आलो.

मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. वरवट बकालच्या बाजारातून आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, बाहेरगावचे दोघं त्या पलीकडच्या गावचा पत्ता इचारून राह्यले. हातात तिथल्याच पंचायतीचा जन्माचा दाखला हाय, पण त्यायले गावात कोणीच ओळखत नाई."

चौकशीत असे कितीतरी खोटे दाखले निघाले. सगळे एकाच लॉगिनवरून, पंचायतीत संगणक चालवणाऱ्या बाईंच्या. त्यांचा पासवर्ड त्यांनाच ठाऊक. मी मनातल्या मनात केस संपवून टाकली.

महिलेचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा, हा नियम मी शिपायांकडून पाठ करून घेतलेला. तरी बाईंना जीपमधून ठाण्यात आणलं आणि तीन दिवस, दहा वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत, बाकावर बसवलं. बाकावर बसून माणूस मऊ पडतो, असा माझा अनुभव होता.

"पासवर्ड कोणाला दिला?"

"कोणालेच नाई, साहेब. कम्प्युटरनं इचारलं, लक्षात ठेवू का, तं मी हो केलं. सारेच करतात."

"त्या कम्प्युटरला आणखी कोणी हात लावला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "कोणी नाई."

बाई पक्की आहे, असं वाटून मी टेबलावर हात आपटला. तोंडाला येईल ते बोललो. दाराबाहेर त्यांचे सासरे जेवणाचा डबा घेऊन उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. त्याच आठवड्यात पंचायतीने बाईंना कामावरून काढलं.

जप्त केलेला संगणक तपासायला बुलडाण्याहून सायबर शाखेच्या महिला हवालदार आल्या. दोन दिवस खपून त्यांनी मला बोलावलं. "सर, बाईंनी पासवर्ड दिला नाही. चोरीला गेलाय. आपण 'लक्षात ठेव' म्हटलेले सगळे पासवर्ड ब्राउझर एका फाइलमध्ये ठेवतो. ती ब्राउझरने स्वतः उघडली तर ठीक. इथे दुसऱ्याच प्रोग्रॅमने उघडून बाहेर पाठवली आहे."

"कोणत्या प्रोग्रॅमने?"

"मराठी टायपिंगचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे. पेन ड्राइव्हवरून टाकलंय, आणि टाकताना अँटीव्हायरस मुद्दाम बंद केलाय." त्यांनी तारीख आणि वेळ सांगितली.

मी त्यांच्यासमोरच स्टेशन डायरी काढली. त्या तारखेला माझ्याच अक्षरात नोंद होती: गावभेट, शांतता समितीची बैठक.

मग सगळं आठवलं. बैठकीचा अहवाल मला पंचायतीतच पुरा करायचा होता. माझी फाइल उघडली तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. ठाण्यात आम्ही वापरायचो ते सॉफ्टवेअर माझ्या पेन ड्राइव्हवर होतं, ते टाकायला सांगितलं. बाई थबकल्या होत्या. "साहेब, अँटीव्हायरस लाल दाखवून राह्यला." मी म्हणालो होतो, "बंद करा तो. पोलिसांचा पेन ड्राइव्ह आहे."

ठाण्याच्या संगणकातही तीच कीड निघाली. इंटरनेटवरच्या चोरबाजारातून असे पासवर्ड विकत घेऊन दाखले विकणारी टोळी पुढे परराज्यात पकडली गेली.

या खेपेला जबाब घ्यायला मी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं लेहून घेतलं असतं का तुमी?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"एक करा साहेब. मले जीपमधी नेलं ते साऱ्या गावानं पाह्यलं. आता गावासमोर येऊन सांगा, पेन ड्राइव्ह तुमचा होता."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. बाई निर्दोष असल्याचं पत्र शिपायाच्या हाती पंचायतीला पाठवलं. अहवालात लिहिलं, 'अज्ञात इसमाने पेन ड्राइव्ह लावला.' हवालदार बाईंनी ते वाचलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. पंचायतीत बाईंच्या जागी आलेला माणूस तिथेच राहिला.

पासवर्ड ब्राउझरकडे सांभाळायला देऊ नये, फुकटच्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये, हे आता कोणीही सांगेल. मला या केसने दाखवलं ते असं की, एवढ्या वर्षांच्या नोकरीत संशयितांमध्ये स्वतःला धरायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. समोर बसलेल्या बाईंना मात्र पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, आणि माझ्या खाकीपुढे त्या गप्प बसल्या. याची मला लाज वाटते.

अहवालातला तो अज्ञात इसम मी होतो. येत्या ग्रामसभेत उभं राहून हे सांगणार आहे. बाईंना फोन करून तसं कळवलं, तर म्हणाल्या, "आधी या तं खरं, मंग पाहू."