हाळी न देता चढलेली सुपारी

मुरूडच्या माईंनी मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मी उलटा होतो.

हे एवढं वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. तेव्हा माझं वय अडतीस, मुंबईत एका पेढीवर हेडकारकून, नाकावर चष्मा, आणि वडिलांच्या माघारी धाकट्या बहिणीच्या लग्नाची जबाबदारी माझ्या शिरावर. (ते शिर ऐन वेळी कुठल्या दिशेला होतं, ते सांगितलंच!) यमूची दोन स्थळं आधीच हातची गेली होती. हे तिसरं. मुलगा शाळामास्तर, माणसं भली, आणि यमूने लाजत लाजत वहिनीजवळ ‘बरं आहे’ म्हणून टाकलेलं.

मुलाची आई, म्हणजे माई, आदल्या संध्याकाळी खाडी ओलांडून आमच्या गावी, नागावात आल्या आणि आमच्या शेजारच्या दुर्गाकाकूंकडे उतरल्या. काकू त्यांच्या मावसबहीण. मुलगी पसंत पडेपर्यंत मुलीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा माईंचा शिरस्ता. सकाळी दहाला त्या मुलगी पाहायला येणार होत्या.

आता, लहानपणी मला एकच विद्या येत असे. सुपारीवर सरसर चढायचं, शेंड्याशी पोचून झाड झुलवायचं आणि झोक्यासरशी शेजारचं झाड पकडून तिकडे जायचं. खाली न उतरता अकरा झाडं! नंतर शाळा आली, नोकरी आली, पोट आलं, आणि विद्या मागे राहिली. पण त्या आठवड्यात आमच्या वाडीत राघो सुपारी पाडायला आला. त्याला या झाडावरून त्या झाडावर जाताना पाहिलं आणि माझे तळपाय शिवशिवायला लागले.

“राघो, मीही एके काळी जात असे रे,” मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मधे जरा थांबला. “दादा, सुपारीची झारा बारीक हायेत. तुमी न्हाय.”

तिथेच ठिणगी पडली.

आमच्याकडे झाडावर चढण्याआधी मोठ्याने हाळी द्यायची असते, “झाडावर चढतो हो!” कारण विहिरीकाठची न्हाणी म्हणजे नारळाच्या झापांचा आडोसा. बाजू चार, छप्पर नाही. हाळी ऐकली की आतून बायका ‘थांब रे’ म्हणतात, सावरतात, मग माणूस चढतो. पाच वर्षांच्या पोराला हे ठाऊक असतं. मलाही होतं. पण हाळी दिली असती तर ती सगळ्यांत आधी आमच्या सौभाग्यवतीने ऐकली असती! तिने पहाटेच बजावलं होतं, “आज पाहुणे आहेत. वाडीत भलते उद्योग करायचे नाहीत.”

मी सकाळी सातला चष्मा खिशात ठेवला, धोतराचा काचा मारला, पायांत काथ्याचा फासा अडकवला आणि गुपचूप चढलो.

आणि चढलो की हो! दमलो, खरचटलो, पण शेंड्याला पोचलो. समुद्रावरून वारा येत होता, झाड झुलत होतं, आणि मी पुन्हा दहा वर्षांचा झालो होतो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. त्या भरात झोका घेतला आणि दुसरं झाड पकडलं. ते कुंपणाला लागून आहे आणि कुंपणापलीकडे दुर्गाकाकूंची न्हाणी आहे, हे लक्षात आलं नाही.

खालून तांब्याचा आवाज आला. कोणीतरी स्तोत्र पुटपुटत होतं. मी खाली पाहिलं. एक ओला अंबाडा दिसला, आणि मी डोळे गच्च मिटले. अंबाड्यापलीकडे मी काही पाहिलं नाही, शपथेवर सांगतो! (ही शपथ आजवर कोणी मागितली नाही. मीच देत असतो.)

माझ्या थरथरण्याने एक सुपारी सुटली आणि टण्णकन त्यांच्या घंगाळावर पडली.

“दुर्गे, वर माकड आहे गो!”

मला वाटलं, बरं झालं, माकड तर माकड. म्हणून मी माकडासारखा ओरडलो. (का? अजून कळलेलं नाही.)

“थांब मेल्या!” करत दुर्गाकाकू लांब बांबूची आकडी घेऊन धावल्या आणि झाडाला ढोसू लागल्या. मी डोळे मिटल्या मिटल्या झोका घेतला आणि तिसरं झाड पकडलं. ते निघालं कोवळं. राघोचे शब्द आठवले, पण उशिरा. झाड अतिशय अदबीने वाकत गेलं, वाकत गेलं, आणि खोडाला मिठी मारलेल्या मला डोकं खाली, पाय वर अशा थाटात त्याच आडोशावर घेऊन आलं.

मी डोळे उघडले. समोर हातभर अंतरावर माई. लुगडं घाईघाईने गुंडाळलेलं, हातात भरलेला तांब्या उगारलेला.

काहीतरी बोलणं भाग होतं.

“नमस्कार,” मी म्हणालो. “मी मुलीचा भाऊ.”

माईंनी तांब्या माझ्या तोंडावर रिकामा केला. माझी मिठी सुटली आणि मी आडोशाबाहेरच्या अळूच्या वाफ्यात पडलो. हलकं झालेलं झाड सपकन सरळ झालं आणि उरलेल्या सुपाऱ्या त्याने आम्हा सर्वांवर उधळल्या.

घरी आलो तर यमू दारातच उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

“दादा, तुला हीच सकाळ सापडली?”

तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच सोसवेना. अंगाला अळूची खाज सुटली होती, पण लाज त्याहून अधिक चावत होती. पोरीचं लग्न मी एका झोक्यासाठी मोडलं, असंच मला वाटलं.

आश्चर्य म्हणजे दहाला माई आल्या. मी दाराआड. माईंनी स्वयंपाकाचं विचारलं नाही, शिवणाचं विचारलं नाही. यमूला न्याहाळून म्हणाल्या, “तुलाही सुपारीवर चढता येतं का गो?”



“येतं,” यमू खाली मान घालून म्हणाली. “पण मी हाळी देऊन चढते.”

माई आधी पदराआड हसल्या, मग पदराबाहेर. “मुलगी पसंत! भावाचं मागाहून बघू.”

ते बघितलं लग्नात. कानपिळीसाठी नवऱ्या मुलाचा कान धरायला मी मांडवात उठलो, तोच माई भर मांडवात गरजल्या, “बायांनो, पदर सावरा गो! मुलीचा भाऊ येतोय!” अख्खं नागाव हसलं. माझे स्वतःचेच कान इतके लाल झाले की जावयाचे पिळायची गरज उरली नाही.

त्यानंतर मी झाडावर चढलेलो नाही. पण मुंबईत बिऱ्हाडाचा जिना चढतानासुद्धा पहिल्या पायरीवर थांबून ओरडतो, “चढतो हो!” आणि आतून सौभाग्यवतीचं ‘या’ येईपर्यंत मी डोळे मिटून उभा असतो.