पायाचा आकडा

मंगळवार पेठेतल्या प्रसूतिगृहातल्या त्या सिस्टर काल जन्मलेल्या बाळालाही ‘पावणं’ म्हणतात. ऑक्सिजन मोजायची पट्टी लावण्याआधी त्याचा गार पाय तळहातांत धरून ऊब देतात. आमच्या घरची तीन बाळंतपणं त्यांनीच पाहिली.

तिसऱ्या वेळी नातीच्या हाताला पट्टी लावून ऑक्सिजनचा आकडा चांगला आला. अमावास्या लागायच्या आत घर गाठायचं म्हणून मी बाळासकट सुनेला रिक्षात बसवलं. सिस्टर अनवाणी धावत आल्या.

“आजोबा, पाय ऱ्हायलाय की! हृदयातला दोष कधी कधी हातावर दिसत न्हाय, पायावर घावतोय.”

“अहो, बाळ कसं गुलाबी आहे!”

“तुम्ही डॉक्टर हायसा काय?”

रिक्षातच पट्टी लागली. आकडा कमी निघाला. ऑपरेशन वेळेत झालं. नात आता माझा चष्मा पळवते. मुहूर्त मी अजून बघतो, पण आधी सिस्टरांना विचारतो.