आवाजाआधीची माफी

ओयाजी आवाज होण्याच्या आधीच माफी मागत. शर्यतीच्या आदल्या शनिवारी भेट द्यायच्या छोट्या टॉवेलांची पिशवी घेऊन ते शेजारच्या दारोदारी जात, कमरेत वाकत आणि म्हणत, "उद्या तुम्हाला त्रास देणार आहे." जपानीत ओयाजी म्हणजे बाबा; शर्यतीला येणारे सगळेच त्यांना तसे म्हणत. त्यांचे खरे नाव आम्ही कुणीच घेत नसू.

जपानच्या ईशान्येला, डोंगराच्या पायथ्याशी चारशे मीटरच्या शर्यतीची त्यांची सरळ पट्टी होती. दोन गाड्या शेजारी उभ्या राहत, दिवा हिरवा झाला की सुसाट सुटत आणि बारा-तेरा सेकंदांत खेळ खलास. पूर्वी तिथे भाजीपाला नेणारी छोटी विमाने उतरत. ती बंद पडल्यावर ओयाजींनी पट्टी गावाकडून भाडेपट्ट्याने घेतली होती. भूकंपात डांबराला पडलेल्या भेगाही त्यांनी स्वतः गुडघ्यांवर बसून बुजवल्या. मी राजधानीतल्या तोयोसूच्या ऑफिसात आठवडाभर कोड लिहायचो आणि शर्यतीच्या रविवारी वेळ मोजणारा त्यांचा कॉम्प्युटर सांभाळायला जायचो. "सरळ रस्त्यावरून सरळ जाणाऱ्या गाड्या बघायला तू तीन तास प्रवास करतोस?" बायको विचारायची.

त्सुनामीत घरे गेलेल्या कुटुंबांना वसवायला जागा हवी होती, तेव्हा ओयाजींनी पट्टीलगतचे स्वतःच्या मालकीचे पार्किंग देऊन टाकले. "गाड्या काय, चिखलातही उभ्या राहतात," एवढेच म्हणाले. घरे पट्टीला खेटून उभी राहिली आणि शनिवारची दारे दुप्पट झाली.

त्यांचे गुडघे बोलायला लागले होते. मला दया आली आणि मी ऑफिसातली अक्कल पाजळली. काही बिघडले की आम्ही अहवाल भरतो: काय झाले, त्रास कुणाला, कारण काय, जबाबदार कोण. त्याच साच्यात मी त्यांची माफी छापली. त्रास: लहान मुले, आजारी माणसे. जबाबदार: ओयाजी. खाली तारीख आणि त्यांचा शिक्का. त्यांनी ते दोनदा वाचले.

"जोशी-सान, हे फार स्पष्ट आहे."

"स्पष्ट असलेलंच बरं," मी म्हणालो. तेव्हापासून शनिवारी पत्रे घरोघरच्या टपालपेटीत टाकली की काम भागे, वाकावे लागत नसे.

भाडेपट्टा संपत आला तेव्हा गावाची सभा भरली. नव्या घरांतले एक गृहस्थ उठले आणि त्यांनी फाईल उघडली. माझी सगळी पत्रे तारखेप्रमाणे लावलेली. "त्रास होतो हे यांनाच मान्य आहे," ते शांतपणे म्हणाले. ज्यांच्या पायाखालची जमीन ओयाजींनी दिली, त्यांनीच मुदतवाढीच्या विरोधात हात वर केले. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

अध्यक्षांनी विचारले, "हा मजकूर कुणाचा?"

"माझाच," ओयाजी म्हणाले.

मी मागच्या रांगेत होतो. परक्या माणसाने गावच्या भानगडीत पडू नये, अशी सोयीची समजूत काढून मी पायांतल्या सपातांकडे बघत बसलो. भाडेपट्टा वाढला नाही. आता तिथे सोलर पॅनल आहेत.

सभेनंतर स्टेशनपर्यंत त्यांनीच मला गाडीने सोडले. "जागा तुम्ही दिलीत, हे का नाही सांगितलं?" मी विचारले.

"आज सांगितलं असतं, तर तेव्हा देऊन टाकली असं कसं म्हणायचं?"

स्टेशन दिसायला लागल्यावर मी म्हणालो, "पत्रं माझी होती. मी उठायला हवं होतं."

कुणाचे मन दुखावू नये म्हणून जन्मभर वाकलेला तो माणूस. असू दे, म्हणेल अशी माझी खात्री होती.

"हो," समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता ओयाजी म्हणाले, "उठायला हवं होतं."