बेन आणि दामूची साखर

"किती दिवसांपासून?"

बेन हा प्रश्न सगळ्यांना विचारायच्या. पेशंट खोकला तर विचारणं ठीकच. पण बेसिनचा नळ गळू लागला, पंखा कुरकुरला, समोरच्या दुकानदाराच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, तरी त्यांचा पहिला प्रश्न तोच. विचारताना मान जरा डावीकडे कलायची, चष्मा नाकावर घसरायचा, आणि उत्तर येईपर्यंत त्या तशाच थांबून राहायच्या. 'झाले असतील थोडे दिवस' हे उत्तर त्यांना चालायचं नाही.

"थोडे म्हणजे? रविवारच्या आधी की नंतर?"

बडोद्याला रावपुऱ्यात एका दुकानावरच्या मजल्यावर आमची पॅथॉलॉजी लॅब होती. मी तिथे रिपोर्ट टाइप करायचो. बेन रक्त घ्यायच्या आणि तपासण्याही करायच्या. त्या मराठी, डॉक्टर मराठी, मीही मराठी. पण पेशंट गुजराती, ते त्यांना बेन म्हणत, म्हणून आम्हीही बेनच म्हणायचो. त्यांचे आजोबा संस्थानच्या घोडदळात होते. हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं, पण त्या स्टुलावर बसल्या की कुणालाही पटलं असतं. पन्नाशी उलटली तरी पाठ ताठ. लग्न केलेलं नव्हतं. धाकट्या भावाला शिकवलं, तो इंदूरला गेला, आणि बेन मागे एका खोलीत राहिल्या.

"बेन, दुखशे?" सुई बघून पेशंट विचारायचा.

"हा, दुखशे," बेन सांगायच्या. "पण जराक ज."

'मुळीच दुखणार नाही' असं त्या लहान मुलालाही म्हणाल्या नाहीत. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही, म्हणून आपण त्यांना कोरडी म्हणून मोकळे होतो. मीही म्हणायचो.

मग माझ्या बायकोला, सुनंदाला, ताप यायला लागला. अंगावर निळे डाग दिसायला लागले. मी तिला लॅबमध्ये घेऊन आलो. बेननी रक्त घेतलं आणि विचारलं, "किती दिवसांपासून?" सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत नव्हतं. डाग माझ्या लक्षातच आले नव्हते.

"दिवाळीच्या आधीपासून," सुनंदा म्हणाली.

त्या दिवशी बेननी स्लाइड तीनदा बनवली. तिन्ही वेळा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि मग डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी मला आत घेतलं, दार लावलं, खांद्यावर हात ठेवून रक्ताच्या कॅन्सरबद्दल सांगितलं. मी बाहेर आलो तर माझ्या टाइपरायटरसमोर बेन बसलेल्या. त्या एका बोटाने टाइप करत होत्या. एक अक्षर शोधायचं, दाबायचं, पुढचं शोधायचं.

"उठा बेन, मी करतो," मी म्हणालो.

"हा तुम्ही करायचा नाही," त्या मान वर न करता म्हणाल्या.

अर्ध्या पानाच्या रिपोर्टला त्यांना पाऊण तास लागला. त्यात सात चुका होत्या. सुनंदाच्या नावातसुद्धा एक होती.

सुनंदा चार महिन्यांत गेली. त्यानंतरचे महिने कसे गेले ते मला सांगता येणार नाही. लोक म्हणतात, दुःख झालं असेल. झालंही असेल. मी सकाळी उठायचो, गोत्रीतल्या घरून बसने रावपुऱ्याला यायचो, टाइप करायचो, परत जायचो. खिचडी करायचो, निम्मी टाकायचो. कुणी काही बोललं तर ओठ हलताना दिसायचे, अर्थ नंतर यायचा. घरात दामू होता. सुनंदाने रस्त्यावरून उचलून आणलेला पिवळा बोका. तिने त्याला दूध-पोळी घालून घालून उशीएवढा केला होता. तो रात्री तिच्या पायाशी झोपायचा. ती गेल्यावर मी त्याला सकाळ-संध्याकाळ दूध-पोळी घालत राहिलो. त्याच्याकडे पाहिलं असं मात्र म्हणता येणार नाही.

एकदा मी दोन पेशंटांच्या साखरेचे आकडे एकमेकांच्या रिपोर्टमध्ये घातले. रिपोर्ट बाहेर जाण्याआधी बेननी पकडलं. मला ओरडल्या नाहीत, डॉक्टरांनाही सांगितलं नाही. कागद फाडला आणि म्हणाल्या, "रविवारी घरी आहात ना मोहितेभाई? येते."

सुनंदा गेल्यानंतर भेटायला आलेले सगळे तिच्या फोटोकडे पाहून सुस्कारा टाकायचे. बेन आल्या, खुर्चीत बसल्या, फोटोकडे एकदा पाहिलं आणि खाली पाहू लागल्या. दामू स्वयंपाकघरातून बाहेर येत होता. मोरीतल्या बादलीपाशी गेला, पुढचे पाय बादलीच्या काठावर टेकले आणि पाणी पिऊ लागला. पितच राहिला.

"किती दिवसांपासून?" बेननी विचारलं.

"काय?"

"हा असं पाणी पितोय."

मी म्हणालो, उन्हाळा आहे.

"चालतोय कसा ते बघितलंत?"

मी पाहिलं. दामू परत येत होता. मांजर बोटांवर चालतं. हा मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून, फरशीवर बसल्यासारखा सरकत येत होता. बेननी त्याला जवळ ओढलं. पाठीवरून हात फिरवला आणि मग माझा हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला. केसांखाली मणका न् मणका लागत होता. केस तेलकट, चिकटलेले. उशीएवढा दामू कुठेतरी गेला होता आणि मी त्याच घरात होतो.

"खातो का?"

"भरपूर. मागून मागून खातो."

"खातो आणि वाळतो," बेन म्हणाल्या. उठून गॅलरीत गेल्या. तिथे दामूची रेतीची पेटी होती. त्या वाकल्या आणि बराच वेळ तशाच राहिल्या. मी मागे जाऊन उभा राहिलो. रेतीचे मोठमोठे ओले गोळे झाले होते आणि कठड्यापासून पेटीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

"मुंग्या किती दिवसांपासून आहेत?"

मला खरंच माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. दुसरी एखादी बाई म्हणाली असती, 'तुमच्यावर एवढा प्रसंग, तुमचं कुठून लक्ष असणार.' बेन तसं काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला रेती काढून पेटी धुवायला लावली आणि तिच्यात प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे घालायला सांगितले, म्हणजे लघवी शोषली जाणार नाही. पिशवीतून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. घरून निघतानाच त्यांनी ती का घेतली होती हे मी कधी विचारलं नाही. कदाचित त्यांच्या पिशवीत ती नेहमीच असावी.

सोमवारी मी दामूच्या लघवीची बाटली खिशात घालून बसमध्ये बसलो. बेननी नोंदवहीत लिहिलं: 'दामोदर, पुरुष, वय नऊ.' परीक्षानळीत निळं द्रावण घेतलं, लघवीचे थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं लाल. डॉक्टर मागून चालले होते, थांबले.

"कुणाची आहे ही?"

"दामोदरभाईंची."

"ताबडतोब ॲडमिट व्हायला सांगा," म्हणून डॉक्टर पुढे गेले. बेनच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मला हसू आलं असावं, कारण गाल ताणल्यासारखे वाटले. किती महिन्यांनी, ते मोजलं नाही.

जनावरांच्या दवाखान्यात समोर एक म्हैस बांधलेली होती. तिथले डॉक्टर वयस्कर गुजराती गृहस्थ. "बिलाडीने डायाबिटीस?" ते म्हणाले. "चोपडीमां वांच्युं छे. जोयुं नथी." नुसतं पुस्तकात वाचलंय, पाहिलेलं नाही, हे सांगण्याइतका माणूस प्रामाणिक होता. कपाटातून जुनं पुस्तक काढून आमच्यासमोर वाचलं. नुसत्या लघवीवरून ठरवायचं नाही, रक्त बघायला हवं, म्हणाले. दामूला टॉवेलमध्ये गुंडाळून त्यांनी पुढच्या पायातून रक्त घेतलं, बेननी लॅबमध्ये तपासलं. साखर चारशेच्या वर.

इन्शुलिन सुरू झालं. रोज दोनदा, बारा तासांच्या अंतराने. दूध-पोळी बंद, उकडलेली कोंबडी आणि अंडी. आमची सोसायटी सगळी शाकाहारी. मी खिडक्या लावून कोंबडी शिजवायचो आणि शेजारच्या पटेलकाकी न बोलता आपल्या दारात दोन उदबत्त्या लावायच्या.

इंजेक्शन द्यायला बेननी शिकवलं. पहिल्यांदा मी सुई मध्येच मागे घेतली.

"त्याला नाही दुखत?" मी विचारलं.

"जरा दुखतं. कातडी चिमटीत धरा, तंबूसारखी. हां. आता घाला. आधी त्याने खाल्लंय का ते बघायचं. न खाता कधी द्यायचं नाही, साखर एकदम खाली जाते."

त्या चार रविवार आल्या. सुनंदाबद्दल एकदाही बोलल्या नाहीत. फक्त विचारायच्या: पाणी किती वाट्या प्यायला, गोळे किती झाले, कपाटावर उडी मारतो का. मला वहीत लिहून ठेवावं लागायचं, आणि लिहायचं तर पाहावं लागायचं. दीड महिन्याने दामूच्या टाचा जमिनीवरून थोड्या उचलल्या. मुंग्या यायच्या बंद झाल्या. मला आनंद झाला असं नाही. मी वहीत लिहिलं, 'मुंग्या नाहीत.'

एका सकाळी दामूने बशीला तोंड लावलं, मी इंजेक्शन दिलं आणि दाढी करायला गेलो. आंघोळ करून आलो तर बशी भरलेलीच होती. तो खाल्ल्यासारखं करून निघून गेला होता. पलंगाखालून काहीतरी आपटल्याचा आवाज आला. वाकून पाहिलं तर दामू कुशीवर पडलेला, पाय ताठ, मान मागे ओढलेली, डोळे उघडे.

मी पटेलकाकींचं दार वाजवलं नाही, लॅबला फोन केला नाही. सरळ डब्यात उरलेली सगळी साखर वाटीत टाकली, थोडं पाणी घातलं आणि बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळायला लागलो. घशात ओतलं नाही. ओतलं तर श्वासात जाईल हे मला कसं सुचलं कोण जाणे. चोळत राहिलो. त्याचे दात माझ्या बोटात रुतले, तरी चोळत राहिलो. मी काहीतरी मोठ्याने बोलत होतो. पटेलकाकी उघड्या दारातून आत आल्या तेव्हा मला ते ऐकू आलं. "ऊठ सुनंदा," असं मी म्हणत होतो.

दामूने जीभ बाहेर काढली आणि माझं बोट चाटलं. थोड्या वेळाने मान उचलली. पटेलकाकींनी मग त्यांच्या फोनवरून लॅबला कळवलं. बेन पेशंटांची रांग टाकून रिक्षाने आल्या. मी स्वयंपाकघरात फरशीवर बसलो होतो, हात कोपरापर्यंत चिकट, मांडीवर दामू. तोवर त्याने अर्धं अंडं खाल्लं होतं.

बेननी त्याच्या डोळ्यांत पाहिलं, पायांवर उभं करून पाहिलं. मग माझं बोट धुतलं, पट्टी बांधली.

"माझी चूक झाली," मी म्हणालो. "खाल्लं नव्हतं. नीट बघितलं नाही."

"नाही बघितलंत," बेन म्हणाल्या. "पण मग बघितलंत. कुणी सांगायला नव्हतं."

मला रडू फुटलं. बेन शेजारी फरशीवर बसल्या. ताठच. त्यांनी मला शांत केलं नाही, हात धरला नाही. माझं संपेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, "चहा ठेवते. बिनसाखरेचा, सगळी साखर तुम्ही वापरलीत."

दामूचा डोस कमी करावा लागला. नंतर तो चांगला राहिला.

पुढे दोन वर्षांत लॅबचं रूप बदललं. परदेशी मशीन आलं. एका बाजूने नळ्या ठेवायच्या, दुसऱ्या बाजूने आकडे छापून बाहेर. माझ्या टाइपरायटरच्या जागी कॉम्प्युटर आला आणि मला शिकावं लागलं. बेनना कुणी जा म्हणालं नाही. त्यांनीच एके दिवशी सामान आवरलं. भाऊ आजारी होता, भाचा एकटा पडला होता, इंदूरला जाते म्हणाल्या. निरोपाला खंडेराव मार्केटमधून आणलेला हार डॉक्टरांनी त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी तो लगेच काढून हातात धरला. मला एका चिठ्ठीवर इंदूरचा नंबर लिहून दिला. "काही वाटलं तर कळवा," म्हणाल्या. दामूबद्दल की माझ्याबद्दल, ते सांगितलं नाही.

मी दोनदा फोन केला. नंतर राहून गेलं.

दामू त्यानंतर तीन वर्षं जगला. म्हातारा झाला, मूत्रपिंडं थकली, आणि एका दुपारी गॅलरीतल्या उन्हात झोपला तो उठला नाही. वॉचमनने मदत केली. सोसायटीच्या भिंतीशी पेरूच्या झाडाखाली त्याला पुरलं. मी हातपाय धुतले, चिठ्ठी शोधून काढली आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेलो.

फोन एका तरुण माणसाने घेतला. मी बडोद्याहून बोलतोय, बेनना द्या, असं म्हणालो. मग चूक लक्षात आली आणि त्यांचं खरं नाव सांगितलं.

"आत्या संक्रांतीनंतर गेली," तो म्हणाला. "तिच्या वहीत बडोद्याचे फार नंबर नव्हते. कुणाला कळवायचं ते आम्हाला समजलं नाही. आपण कोण?"

मी नाव सांगितलं. लॅबमध्ये बरोबर होतो म्हणालो. काचेबाहेर एक बाई नंबर लागायची वाट पाहत उभी होती.

"मोहितेभाई?" तो एकदम म्हणाला. "दामूवाले? अहो, आत्या किती सांगायची त्याच्याबद्दल! कसा आहे तो?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. नखांत अजून माती होती.

"बरा आहे," मी म्हणालो. "आताच उन्हात झोपलाय."